पद्मा गोवंडे, इतिहास विभाग

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
३ जून १९५७

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांत पहिल्यांदा तुझं पत्र माझ्या नावाने आलं. एरवी सुधाच्या पाकिटात माझ्यासाठी एक ओळ असते, ‘आत्याला नमस्कार सांग’, आणि ती ओळ सुधा मला शिक्षा झाल्यासारखी वाचून दाखवते. म्हणून पाकिटावर माझं नाव पाहिल्यावर वाटलं, तुझी तब्येत बिघडली असावी. मग वाचलं. काम होतं म्हणून लिहिलंस. असू दे. कामासाठी का होईना.

तुझं म्हणणं एकदा माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे समजण्यात चूक व्हायला नको. चार प्रांत जोडून नवं राज्य झालं, तेव्हा चारी ठिकाणच्या प्राध्यापकांची एकच ज्येष्ठता यादी भोपाळला तयार होते आहे. त्यात तुझी दोन सर्विस बुकं निघाली. एक कुमारी पद्मा गोवंडे, नेमणूक १९४१. दुसरं सौ. विमल राजूरकर, १९४६. लग्नानंतर तू कामावर आलीस तेव्हा कचेरीतल्या त्या म्हाताऱ्या बडेबाबूंनी जुन्या पुस्तकात नाव बदलायचं सोडून नवंच उघडलं. ‘नई बहू, नई किताब’ म्हणाले, आणि आपण दोघी हसलो होतो. आता भोपाळवाल्यांना या दोन निरनिराळ्या बाया वाटतात. दोघी एकच आहेत असं लिहून देणारी व्यक्ती तेव्हापासून आजवर याच कॉलेजात शिकवत असलेली हवी. तशी मी एकटी उरले आहे. दाखला पंचवीस जूनच्या आत गेला तर तुझी पहिली पाच वर्षं धरली जातील. मग यादीत तू माझ्या वर. इतिहास विभाग तुझ्याकडे. म्हणजे उज्जैनहून इथे बदली, कंपू भागात तुझ्या आईजवळ बिऱ्हाड, आणि तुझी लेक सुधा तुझ्यापाशी. नाही गेला तर तू खाली घसरणार, आणि खालच्यांना रीवा, जगदलपूर, जिथे जागा असेल तिथे पाठवणार.

बरोबर ना? मग काळजी नको करू. मी आहे.

सध्या रोज सकाळी कॉलेजात जाते. सुट्टी आहे, पण नवं सत्र पंधरा जुलैला उघडेल आणि या खेपेला सगळंच नव्याने मांडायचं आहे. आग्र्याचा अभ्यासक्रम गेला, आता तुमच्या उज्जैनच्या विद्यापीठाचा येणार. कुठली पुस्तकं लावायची, कुणाला ठाऊक नाही. तुझ्या वेळच्या सगळ्या बायका भोपाळला गेल्या, त्यांच्या जागी जबलपूरच्या आल्या. नव्या प्राचार्या मिसेस तिवारी मला ‘दीदी, आपकी हिंदी में थोड़ा दक्खिन है’ म्हणतात. तेहेतीस पिढ्या इथे राहिल्यासारखं मी हसते. विभागाचं कपाट रिकामं करून पुसलं, पुस्तकं काळाप्रमाणे लावली. दहा वाजता लूचा गरम वारा सुरू होतो, मग खसच्या पडद्यावर पाणी मारून आत बसते आणि वेळापत्रक आखते. प्रमुखाच्या रकान्यात अजून पेन्सिलीनेही काही लिहिलेलं नाही.

सुधा बरी आहे. उंच झाली. तू पाठवलेला फ्रॉक तिला होत नाही.

तुझी,
लीला

१३ जून १९५७

चि. विमल,
आशीर्वाद.

तुझी दोन कार्डं लागोपाठ आली. फॉर्म मिळाला आहे, पाठवायचा राहिला आहे. रागावू नकोस. आपले आताचे बडेबाबू विश्वासराव मुलीच्या बाळंतपणाला मोरारला गेले होते, शिक्का त्यांच्या कपाटात. ते सोमवारी येतील. अजून बारा दिवस आहेत.

फॉर्म समोर घेऊन बसले की लग्नच आठवतं. तुला वाटत असेल, मी ते विसरले. मी काहीही विसरत नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पण आमच्याकडे आधी मुलगा म्हणून शरदचं शिक्षण झालं, मग माझ्या लग्नाची वाट पाहण्यात पाच वर्षं गेली, आणि मग कुठे वडील म्हणाले, जा, शिक. मी एम. ए. होऊन कॉलेजात आले तेव्हा तू तिथे दोन वर्षं जुनी होतीस. पहिल्या दिवशी तूच मला हजेरीपट कसा भरायचा ते दाखवलंस. मुली तुझ्यामागे फिरत. मी वर्गात गेले की विचारत, ‘गोवंडे मॅडम आज नहीं आईं?’ तरी मला तू आवडायचीस. इतकी आवडायचीस की वाटलं, ही घरातच आली तर बरं. शरदचं स्थळ मीच तुझ्या आईंना सुचवलं. त्यावरून तू मागे एकदा भांडताना म्हणाली होतीस, ‘तुम्ही मला सून म्हणून नाही, कपाट म्हणून घरात आणलंत, तुमच्या कोपऱ्यात ठेवायला.’ ते वाक्य चांगलं होतं. वर्गात बोलावं तसं.

मांडवात ताटात तांदूळ पसरले, शरद अंगठी हातात घेऊन म्हणाला, ‘ताई, काय लिहू?’ तू खालच्या मानेने हळूच म्हणालीस, ‘लीला, पद्माच राहू दे ना.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे रीत आहे गं.’ आणि विमल सांगितलं. आमच्या घरात विमल कुणीच नव्हतं, मला ते नाव विशेष आवडतही नव्हतं. त्या क्षणी सुचलं एवढंच. तांदळात ते अक्षर अक्षर उमटताना पाहिलं आणि मला आत फार गार वाटलं. त्या दिवसापासून तू मला लीला म्हणणं सोडलंस, वन्सं म्हणायला लागलीस. कुणाला सांगावं लागलं नाही.

सोमवारी फॉर्मचं करते.

लीला

२२ जून १९५७

चि. विमल,

फॉर्म आज रजिस्टरने गेला. माझ्या हातचं आहे, माझ्या सहीचं. आता तू निश्चिंत राहा.

तुझी आई सांगत होती, तू स्वतः यायला निघाली आहेस, भोपाळला उतरून कचेरीत चौकशी करणार आहेस. कशाला? या उन्हात? बाईमाणसाला तिथे दारात उभं करतात. आणि इथे येऊन दोन दिवसांत परत गेलीस की सुधा आठ दिवस जेवत नाही, ते मला निस्तरावं लागतं. तिकीट काढलं असेल तर परत कर. मी लिहिते ना, झालं म्हणून.

टोपी बाजारातून सुधाला नव्या वर्षाच्या वह्या आणल्या. तिने सगळ्यांवर आपलं नाव घातलं, सुधा शरच्चंद्र राजूरकर. अक्षर तुझ्यासारखं आहे, उजवीकडे कललेलं. मी सरळ करून घेते आहे.

लीला

२ जुलै १९५७

गं. भा. विमल यांस,

विश्वासरावांनी तुला कार्ड टाकलं, हे मला त्यांनीच सांगितलं. लपवलं नाही. त्यामुळे तुझ्या पत्रातले शब्द मला नवे नव्हते, फक्त इतके असतील असं वाटलं नव्हतं. उज्जैनला बोलणं सुधारलं तुझं.

आता काय झालं ते ऐक. त्यांच्या कार्डात नीट आलं नसेल.

मी फॉर्म घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. हिंदीत छापलेला साधा कागद. ‘क्या उपर्युक्त दोनों एक ही व्यक्ति हैं?’ आणि पुढे रिकामी ओळ. विश्वासराव चष्मा वर करून म्हणाले, “ताई, यात काय विचारायचं? ही तर आपली विमलवहिनी.”

“कोण?”

“अहो कोण काय? शरदभाऊंच्या लग्नाचे लाडू तुम्ही स्वतः याच टेबलावर वाटलेत. गोवंडे मॅडमच्या लग्नाचे म्हणून मी दोन खाल्ले.”

“अकरा वर्षांपूर्वीचा लाडू आठवतो तुम्हाला?”

“बाबू आदमी हूँ ताई. साहेब विसरतो, लाडू नाही विसरत.”

मी हसले. तेही हसले. मग मी त्यांचीच दौत पुढे ओढली आणि त्या ओळीवर लिहिलं, ‘ज्ञात नहीं.’ खाली सही केली. त्यांनी वाचलं, टिपकागद दाबला, आणि बराच वेळ उचललाच नाही.

“ताई, मी लिहून देऊ का? मला ज्ञात आहे.”

“तुम्ही शिकवणाऱ्यांत नाही, विश्वासराव.”

“तेही खरं,” म्हणाले. “आमचं काम ठप्पा मारायचं.” आणि मारला.

एवढंच. मी ‘नाही’ लिहिलं नाही, हे लक्षात घे. ‘नाही’ लिहायला घेतलं होतं, हात झाला नाही.

तू विचारतेस, का. मुदत संपेपर्यंत तुला थोपवून का धरलं, तेही विचारतेस. कारण तू आली असतीस तर मी समोर बसून खोटं लिहू शकले नसते. माझ्यात तेवढा दम नाही, तू जवळ असलीस की मी अजूनही ती हजेरीपट भरता न येणारी बाई होते. दुसरं कारण सुधा. माझ्याकडे दुसरं आहेच काय? शरद गेला तेव्हा तू रडलीस आणि तीन महिन्यांत बदलीचा अर्ज केलास. मी म्हटलं, एक वर्ष पोरीला इथे राहू दे, तुझी खोली एक, कॉलेज दिवसभर. तू हो म्हणालीस. नंतर दर वर्षी मागत राहिलीस आणि दर वर्षी मी काहीतरी काढलं, कधी शाळा, कधी गोवर, कधी परीक्षा. ते सगळं खोटं नव्हतं. गोवर खरंच आला होता. तिच्या उशाशी मी बसले होते.

विभागही मला हवा आहे. लिहून टाकते. चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकात शेवटचा तास घेतला, उन्हाळ्यात जेव्हा मुली पेंगतात तो.

जगदलपूर वाईट नाही म्हणतात. हिरवळ खूप आहे.

लीला

९ जुलै १९५७

विमल,

यादी आली. तुम्हाला उज्जैनलाही मिळाली, हे तुझ्या पत्रावरून कळलं. तू हसलीस म्हणतेस. पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही समजेना.

इतिहास, ग्वाल्हेर. क्रमांक एक, कुमारी पद्मा गोवंडे, १९४१. क्रमांक दोन, कुमारी लीला राजूरकर, १९४३. विमल राजूरकर पुढच्या पानावर, शेवटून तिसरी.

आपण कुणीच हा विचार केला नव्हता. दोन बाया वेगळ्या ठरल्या तर पहिलीने राजीनामा कुठे दिला? कुठेच नाही. तिचं पुस्तक उघडंच आहे. म्हणजे कागदोपत्री ती अकरा वर्षं गैरहजर, पण नोकरीत, आणि माझ्या वर. सोबत हुकूम आहे, पद्मा गोवंडे यांनी बावीस जुलैपर्यंत हजर व्हावं. त्या हयात नसल्यास माहितगार व्यक्तीने तसं लिहून द्यावं. तोपर्यंत विभागप्रमुखाची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवावी.

मिसेस तिवारी म्हणाल्या, “दीदी, ये पद्माजी कहाँ मिलेंगी?”

विश्वासराव फायलीत मान घालून म्हणाले, “लाडू खिलाइए, आ जाएँगी.”

आणि त्यावर तुझं हे पत्र. “एकवीस तारखेला येते आहे. पद्मा गोवंडे म्हणून हजर होते. १९४१चा मूळ हुकूम आईपाशी आहे, त्यावर माझी सही आहे. तुम्हाला हरकत घ्यायची असली तर वन्सं, सगळ्यांसमोर उभ्या राहून सांगा की ही पद्मा नाही, ही माझी भावजय विमल आहे. एवढं तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तरी माझं काम झालं.”

किती हुशार आहेस. मी खरंच मनापासून लिहिते. माझ्या हातात काही ठेवलंच नाहीस. बोलले तरी तू येतेस, न बोलले तरी तू येतेस.

पण एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली, की मुद्दाम लिहिली नाहीस? तू कुमारी पद्मा गोवंडे म्हणून त्या खुर्चीत बसलीस, की सुधा कुणाची? कुमारी गोवंड्यांना दहा वर्षांची मुलगी आहे असं तू मिसेस तिवारींना सांगणार? मुलींना सांगणार? शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव विमल आहे. विभाग हवा असेल तर ये. पण मग संध्याकाळी ती माझ्याबरोबर माझ्या घरी येईल, आणि तू रस्त्याच्या पलीकडून पाहशील.

विचार कर. अजून बारा दिवस आहेत.

लीला

१६ जुलै १९५७

विमल,

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. म्हणजे तू येते आहेस. तू घाबरणारी नाहीस, हे मला नऊ तारखेलाही ठाऊक होतं. पाकीट पोस्टात टाकलं आणि तशीच पुढे कॉलेजात गेले. वाटेत मनात काहीच नव्हतं. ऊन होतं, एवढं आठवतं. विश्वासरावांकडे कागद मागितला आणि लिहिलं, ‘कु. पद्मा गोवंडे यांचे निधन झाले आहे. मी त्यांना निकटून ओळखत होते.’ आधी मराठीत लिहून गेले, मग हिंदीत उतरवलं. या खेपेला त्यांनी “तारीख?” एवढंच विचारलं. मी तुझ्या लग्नाची तारीख सांगितली. दुसरी कुठली सुचली नाही.

शुक्रवारी मला विभागप्रमुख केल्याचा हुकूम निघाला. कालपासून सत्र सुरू झालं.

जबलपूरकडे म्हणे अशी पद्धत आहे की सत्राच्या पहिल्या दिवशी दिवंगत शिक्षकांचं स्मरण करतात. मिसेस तिवारींनी ती इथे आणली. मला काल सकाळी कळलं, हॉलमध्ये पाय ठेवल्यावर. मंचावर टेबल, टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. चव्वेचाळीस सालच्या स्टाफच्या फोटोतून तुला मोठी करून घेतलं होतं. ती काठाची पांढरी साडी, आणि हसू दाबून धरलंस की ओठ मुडपायचीस ते.

“मी शोधला, ताई,” विश्वासराव माझ्या कानाशी म्हणाले. “तुम्ही शेजारीच होता. तुमचा खांदा कापावा लागला.”

मला बोलायला सांगितलं. विमल, मी दहा मिनिटं बोलले आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तू अहमदशहाची स्वारी फळ्यावर कशी काढायचीस, तुझ्या तासाला शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीत कशा यायच्या, पहिल्या दिवशी मला तू हाताला धरून स्टाफरूममध्ये कशी नेलीस. पुढच्या रांगेतल्या मुली डोळे पुसत होत्या. तू गेल्यापासून तुझ्याविषयी इतकं कुणाशी बोलले नव्हते.

मग दोन मिनिटं सगळ्या उभ्या राहिल्या. आणि त्या शांततेत मागचं दार वाजलं. सुधाची शाळा काल अर्ध्या दिवसाची होती, हे मी विसरले. ती नेहमीसारखी माझ्याकडे आली होती. पाठीवर दप्तर. रांगांमधून थेट पुढे आली, फोटोसमोर थांबली, आणि मोठ्याने म्हणाली, “ये तो मेरी आई है!”

मिसेस तिवारी खाली वाकल्या. “क्या बोली, बेटी?”

“मेरी आई. हार क्यों डाला?”

सगळं कॉलेज माझ्याकडे पाहत होतं. त्या वेळी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं, तुझी पाच वर्षं, तुझं घर, सगळं तिथेच परत मिळालं असतं. मी मंचावरून उतरले. तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “बच्ची की माँ बाहर नौकरी करती है. याद आती है तो हर किसी में वही दिखती है.”

“हाय, बेचारी,” कुणीतरी म्हणालं.

सुधाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, हात झटकला नाही. ‘नहीं’ असंही म्हणाली नाही. मिसेस तिवारींनी तिला प्रसादाचा पेढा दिला, तो तिने हातात धरून ठेवला.

जयेंद्रगंजपर्यंत माझं बोट धरून चालत आली. घरी हातपाय धुतले, जेवली, मी वाढलं तेवढं सगळं. कपडे घडी करून ठेवले. मला वाटलं, विसरली, मूल आहे. मी पहिल्या तासाची टिपणं काढत बसले, तेव्हा टेबलाशी येऊन उभी राहिली.

“आत्या, आईला कळवलंस का?”

“काय कळवायचं?”

“की ती मर गई म्हणून.”

मी म्हटलं, नाही.

“मग लिही ना,” ती म्हणाली. “तिला माहीतच नसेल, तर ती गाडीत बसून इकडे येईल.”

तिने पेढा टेबलावर ठेवला, दौतीचं झाकण उघडलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहितेय की नाही हे पाहायला ती इथेच उभी आहे. म्हणून कळवते.

लीला